बागेच्या बाडातलं बी

३ सप्टेंबर, मंगळवार

कार्ड मिळालं. फोटो चोरासारखा आलाय. खाली छापलंय — ‘अभ्यासक’. चौथीत शाळा सुटली तेव्हा मास्तर म्हणाले होते, हिच्या डोक्यात अक्षर शिरायचं नाही. मास्तर वर गेले, नाहीतर कार्ड नेऊन त्यांच्या नाकाला लावलं असतं.

झालं काय, परवा दूध गॅसवर ठेवून मी शेजारणीशी बोलत बसले. दूध गेलं, पातेलं गेलं, भिंत काळी झाली. लगेच परगावाहून मुलाचा फोन — “आजीला एकटी ठेवू नकोस.” हे त्याने त्याच्या लेकीला सांगितलं. मला नाही! म्हणजे मीच आता गॅसवरचं दूध.

नात माझ्याजवळ राहते. जुन्या कागदपत्रांच्या मोठ्या ग्रंथालयात संशोधन करते. म्हणून आजपासून रोज मीही तिथे. लहानपणी मी तिला पाळणाघरात सोडायचे, आता ती मला सोडते. फिट्टंफाट.

दारावरच्या बाईने विचारलं, “संशोधनाचा विषय?”

म्हटलं, “कंटाळा.”

तिने मान वर न करता लिहून घेतलं.

पिशवी कपाटात, छत्री कपाटात, पाण्याची बाटली कपाटात. पेनसुद्धा काढून घेतलं. आत फक्त पेन्सिल, शाई सांडते म्हणे. तोंड तेवढं आत नेऊ दिलं, तेही मिटून. त्या बाईचं कामच ते — कुणी हूं केलं की “चूप” म्हणायचं. मी तिचं नाव ठेवलं चूपबाई.

आत सगळे लिहीत बसलेले. मी नुसती बसले तर वेडी दिसेन. नातीकडून ही वही मागून घेतली.

४ सप्टेंबर

या लोकांचा पुस्तकांवर जेवढा जीव आहे तेवढा आमच्या ह्यांचा माझ्यावर असता तर मी सुद्धा अशीच टिकले असते, एक पान न फाटता.

पुस्तक येतं ते ढकलगाडीतून. टेबलावर त्याला उशी. पान उलटू नये म्हणून वर कापडाचा लांब साप ठेवतात, आत शिशाच्या गोळ्या भरलेला. माणसाला मात्र लाकडी खुर्ची. आणि गारठा असा की मेलेला माणूस आठवडाभर ताजा राहील. कागदाला गार लागतं म्हणे! बाहेर ऊन रणरणतंय आणि मी स्वेटर घालून. स्वेटरला खोल खिसे आहेत हे एक बरं.

समोरच्या टेबलावर एक म्हातारे प्रोफेसर बसतात. मान लांब, डोकं लहान, केस उभे. एकदा पुस्तकात डोकं खुपसलं की दुपारपर्यंत वर नाही. शहामृग.

५ सप्टेंबर

आज नातीकडून सगळं समजून घेतलं. तिला वाटलं मला आवड निर्माण झाली. मला बाई भांडणाची आवड, आणि इथे भांडण आहे.

तिच्यापुढे जे बाड असतं ते तीनशे वर्षांचं. हाताने लिहिलेलं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही. त्यात एका बागेचं वर्णन. पाट कुठून काढला, झाड कुठलं लावलं, सावली कुठवर येते. मधोमध एक खरबूज. त्याच्यावर पानंच्या पानं! सालीवर हरणासारखे ठिपके, आत पांढरंशुभ्र, चवीला आंबटगोड, एका घरात कापलं तर चार घरांत वास. असं खरबूज कुणी कधी पाहिलेलं नाही.

शहामृगांनी यावर ऐन तरुणपणी जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं, अशी बाग नव्हतीच. कुणीतरी एकटा जीव खोलीत बसला आणि मनातल्या मनात बाग रचत गेला. त्या ग्रंथावर त्यांचं नाव झालं, सगळे तेच शिकवतात. आणि माझी नात उठून म्हणते, बाग होती. खरी, मातीची.

पुरावा? पुरावा नाही.

तिची नोकरी तात्पुरती. महिनाअखेरीला समिती बसणार. काही नवं हाती लागलं तर कायम, नाहीतर घरी. म्हणजे तिच्या पोटापाण्याचा प्रश्न एका खरबुजावर येऊन थांबलाय. आणि ते खरबूज होतं की नव्हतं हेच कुणाला माहीत नाही!

माझं विचाराल तर मी शहामृगाच्या बाजूची. ज्याची खरी बाग असते तो किडीबद्दल लिहितो. हा गडी नुसता वास वास करतोय. नातीला हे बोलले नाही. पोटात ठेवलं.

९ सप्टेंबर, सोमवार

तीन तास तोंड बंद! माझ्याच्याने होत नाही. आज स्वेटरच्या खिशातून बिया आणल्या.

उन्हाळ्यात खरबूज आणलं की मी बिया धुऊन गच्चीवर वाळवते आणि डबा भरून ठेवते. साध्या खरबुजाच्या, बाजारातल्या. पुढच्या दाताखाली धरायची, टक्, साल रुमालात, गर तोंडात. सवयीचं काम आहे, ओठ हलत नाहीत.

चूपबाईने दोनदा मान वर केली. टक् कुठून येतंय तिला कळेना. खिडकीची कडी तपासून आली.

१० सप्टेंबर

पकडले गेले. चूपबाईने नाही — शहामृगाने.

मी बी दातात धरलं आणि बघते तर ते माझ्याकडेच पाहतायत. मी तशीच बसले, बी दातात. ते उठले. मला वाटलं चालले चुगली करायला. माझ्या टेबलाशी आले, माझ्यामागच्या फळीवरून वाकून कसलासा शब्दकोश काढल्यासारखं केलं आणि टेबलाखालून तळहात पुढे केला.

चार बिया घातल्या.

जागेवर जाऊन खाल्ल्या. टक् नाही जमलं, कडाम् असा आवाज आला. चूपबाई ताडकन् उभी. शहामृग खोकले. मोठा माणूस खोकला की कुणी काही बोलत नाही.

१२ सप्टेंबर

आता रोजचंच झालंय. अकरा वाजले की हात टेबलाखाली. सालं मात्र खिशात भरून नेतात, व्यवस्थित आहेत. बाहेर जिन्यात म्हणाले, “आजी, भूक लागते हो इथे. जन्म गेला, पण कुणाला सांगायची सोय नव्हती.”

म्हटलं, “आजी कुणाला म्हणता? तुम्ही माझ्या बरोबरीचे.”

“मग काय म्हणू?”

“काही म्हणू नका. आत चूप, बाहेरही चूप.”

नात त्यांच्याशी कामापुरतं बोलते. मी तिच्या शत्रूला पोसतेय हे तिला ठाऊक नाही. ठाऊक करून द्यायची गरजही नाही.

तिचं काही खरं दिसत नाही. डोळ्यांखाली काळं आलंय. पान न् पान परत वाचतेय. मी शेजारी बसून साप उचलते, ती पान उलटते, मी साप ठेवते. मध्ये ती हात धुवायला गेली तेव्हा मीच चार पानं उलटून पाहिली, चित्रं आहेत का म्हणून. एक नाही. बाग म्हणे!

१६ सप्टेंबर, सोमवार

सापडलं.

नात हातात बारीक बॅटरी घेऊन बाडाच्या शिवणीत बघत होती. दोन पानं जिथे शिवलेली असतात तिथे खोल खाच असते. एकदम तिच्या तोंडून आवाज निघाला, मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तसा. चूपबाई “चूप” म्हणत धावत आली आणि स्वतःच “अगं बाई” म्हणाली.

खाचेत एक बी. खरबुजाचं.

मग काय, वरच्या मजल्यावरून मोठ्या बाई आल्या — ग्रंथालयाच्या मुख्य. तळघरातून पुस्तकांचा डॉक्टर आला. हा फाटकी पानं सांधतो, हातमोजे घालून चिमट्याने काम करतो. त्याने चिमट्याने बी उचललं. उचलताना सालीचा एक पापुद्रा सुटला, तो त्याने काचेच्या नळीत घातला. म्हणे तपासणीला पाठवू, वय कळेल, जात कळेल. बी डबीत.

मी विचारलं, “कचऱ्याचं एवढं कौतुक?”

डॉक्टर म्हणाला, “आजी, खाचेतल्या कचऱ्यावर लोक पदव्या घेतात. मेणाचा थेंब, केस, धूळ — सगळ्याचा अर्थ असतो.”

म्हणजे इतकी वर्षं घर झाडून मी पदव्याच उकिरड्यावर टाकल्या.

नात मला मिठी मारून “आजी, बाग होती” म्हणाली. तिच्या खांद्यावरून मला शहामृग दिसत होते. तेही माझ्याकडेच बघत होते.

आमच्या दोघांच्या तोंडात त्या वेळी एकेक बी होतं.

१७ सप्टेंबर

मोठ्या बाईंनी समितीच्या लोकांना कळवून टाकलं. नात रात्री गाढ झोपली. कितीतरी दिवसांनी. सकाळी भांडी घासताना गुणगुणत होती.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवतंय.

१८ सप्टेंबर

शहामृगांनी जिन्यात गाठलं.

“ते बी…”

“काय ते बी?”

“तुमचं असेल असं मी म्हणत नाही.”

“मग काय तुमचं असेल? हात कुणाचा थरथरतो? रोज एक तरी खाली पाडता.”

“माझं टेबल तिकडे. बाडाजवळ तुम्ही बसता.”

“कोश काढायच्या निमित्ताने रोज कोण येतं?”

 आपलेच दात आपलेच ओठ.

मी स्पष्टच विचारलं, “तुम्ही सांगून टाका की. तुमचा ग्रंथ वाचेल. बाग खोटीच होती म्हणायला मोकळे.”

त्यांनी लांब मान हलवली. “मी सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारा हरला म्हणून आरोप करतोय. त्यात मी आत बसून खात होतो हेही निघेल. पण ते सोडा. तपासणीचा निकाल यायला महिना लागतो. समिती त्याच्या आधी बसणार. पोरगी त्या बीच्या जोरावर कायम होईल, आणि मग कागद येईल की बी यंदाचं आहे. तेव्हा ती चुकली असं कुणी म्हणणार नाही. तिनेच घातलं म्हणतील. आमच्या धंद्यात चुकलेल्याला माफी आहे. लबाडाला नाही. तिला पुढे कुठल्याही ग्रंथालयाच्या दारात उभं करणार नाहीत.”

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, फार तर नोकरी जाईल.

२० सप्टेंबर

बी खालच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलंय. खाली पाटी. लोक येऊन वाकून बघतात. मीही बघून आले. खिशातलं एक काढून काचेला लावून ताडून पाहिलं. माझं जरा गुबगुबीत, ते बारीक आणि काळपट. पण डब्यात एखादं पोचट निघतंच की. बहिणी-बहिणींत एक काळी असतेच.

चूपबाई मागे येऊन उभी राहिली. “आजी, हातात काय आहे?”

“बटण,” म्हटलं. आणि गिळलं. सालासकट.

२३ सप्टेंबर, सोमवार

नातीला आडून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, “अगं, बी कुठूनही येतं. वाऱ्यानेसुद्धा.”

“बंद खोलीत, आजी?”

“मुंगीने आणलं असेल.”

“तिथे मुंगी येत नाही. औषध मारतात.”

“माणसाने आणलं असेल.”

“तेच तर म्हणतेय मी! ज्याने लिहिलं त्याने आणलं. खरबूज कापलं, लिहायला बसला, हाताला चिकटून बी आलं. बाग होती म्हणूनच आलं ना!”

डोळे असे चमकत होते की मी ताट वाढायला उठले.

२५ सप्टेंबर

सांगितलं.

ती कपडे वाळत घालत होती. मी पाटावर बसून चिमटे देत होते. एक चिमटा देताना म्हटलं, “मी आत बसून बिया खाते. दुसऱ्या आठवड्यापासून. खरबुजाच्या.”

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. चादरीचं पाणी टपकत होतं.

मग म्हणाली, “वाचनकक्षात? आजी, तू वाचनकक्षात खात होतीस?”

घर जळतंय आणि ही विचारतेय काडी कुठे ओढली.

“एकटी नाही. शहामृगही.”

“कोण शहामृग?”

आता हेही समजावत बसायचं. सांगितलं. ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, ओल्या चादरीवरच. मग हसायची थांबली.

“मी उद्या मॅडमना सांगते,” म्हणाली. मॅडम म्हणजे मोठ्या बाई.

“समिती सोमवारी आहे.”

“म्हणूनच उद्या.”

एक शब्द जास्त बोलली नाही. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. चादर परत धुवावी लागली.

२६ सप्टेंबर

आजचं सविस्तर लिहिते. उद्यापासून मला तिथे कुणी बसू देणार नाही.

मोठ्या बाईंची खोली. मोठ्या बाई, डॉक्टर, चूपबाई, नात आणि मी. नातीने तोंड उघडायच्या आधी मीच सगळं सांगून टाकलं. चूपबाई म्हणाली, “तरी म्हटलं, कडी कशी वाजते.”

“शक्यच नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आजींचा गैरसमज असेल. पाहिलं का कुणी यांना खाताना?”

दार उघडं होतं. शहामृग आत आले. बोलावलं नव्हतं, तरी आले. म्हणाले, “मी पाहिलं. आणि मीही खाल्ल्या.”

चूपबाईचा चेहरा असा झाला, जणू देवळातली मूर्तीच ढेकर देऊन गेली.

मला वाटलं, संपलं आता, सगळे खरं बोलले. पण मोठ्या बाई हुशार. हाताची घडी घालून म्हणाल्या, “हे बघा. बी आजींचं असेल, नसेलही. बातमी बाहेर गेली आहे. निकाल येईपर्यंत आपण कुणीच काही बोलायला नको. सोमवारची समिती होऊन जाऊ दे.”

नात म्हणाली, “मॅडम, मी समितीला खोटं सांगणार नाही.”

“खोटं कोण सांगा म्हणतंय? नुसतं गप्प राहायचं.”

“ते विचारतील.”

“तर म्हणायचं, तपासणी चालू आहे. खरंच चालू आहे ना?”

 मी नातीचा चेहरा बघत होते. तिला लहानपणापासून ओळखते. नको म्हणायचं असलं की ती ओठ आत घेते. आणि आज ओठ आत गेलेच नाहीत. विचार करत होती! चार दिवस गप्प बसायचं, जन्माची नोकरी. कुणीही विचार करेल. मीसुद्धा केला असता. पण मला दिसत होतं, हे चार दिवस तिच्या मानगुटीवर कायमचे बसणार.

म्हटलं, “डॉक्टर, एकदा बघू दे तरी नीट. माझं असेल तर मी ओळखेन.”

काचेच्या पेटीतून काढून आणलेलं बी डबीत होतं, त्याने डबी उघडून पुढे केली. बिचारा. मी दोन बोटांनी बी उचललं आणि दाताखाली धरलं.

टक् झालं नाही. नुसता भुगा. सादळलेलं होतं. खवट, मातकट. घरी गेल्यावर डबा रिकामा करून उन्हात ठेवायला हवा, असं मनात आलं.

गिळलं.

डॉक्टर खाली बसला. खुर्ची नव्हती तिथे, तरी बसला. चूपबाईने तोंड उघडलं, पण “चूप” निघेना. शहामृग छताकडे बघत होते, खांदे हलत होते. मोठ्या बाई म्हणाल्या, “आजी, हे काय केलंत?”

“वाद मिटवला. आता तिला गप्प बसायलाच नको. बी नाही, प्रश्न नाही.”

नातीचे ओठ आत गेले. 

कार्ड काढून घेतलं. पेन्सिलही.

३० सप्टेंबर, सोमवार

समिती झाली. नातीने सरळ सगळं सांगितलं. एका गृहस्थाने विचारलं, “पुरावा कुठे आहे?” ती म्हणाली, “आजीने खाल्ला.” ते तसंच इतिवृत्तात लिहून घेतलं म्हणे. निदान एका सरकारी कागदावर माझी नोंद झाली.

शहामृग तिच्या बाजूने उभे राहिले. म्हणाले, “हिचं मत चूक आहे असं मी अजूनही म्हणतो. पण हिच्यासारखं खरं बोलणारं माणूस मला इथे दुसरं दाखवा.” कुणीही दाखवलं नाही. आणि तिला कायमही केलं नाही.

खोक्यात तिचं सामान आलं. कप, शाल, सापासारखं एक कापडी वजन — ते तिने स्वतः शिवलेलं, म्हणून आणलं.

मी स्वयंपाक केला. ती जेवली. 

४ ऑक्टोबर

आज बोलली. भांडलीच!

“तू खायच्या आधी मला विचारायचंस. निर्णय माझा होता, आजी. मी नाहीच म्हणणार होते.”

“कधी? तू तर विचार करत होतीस.”

“मग करू द्यायचास! विचार करून नाही म्हटलं असतं तर ते माझं झालं असतं. आता लोक म्हणतात, आजीने वाचवलं. आजीने बुडवलं. मी कुठे आहे यात?”

  म्हटलं, “भाजी जळतेय,” आणि आत गेले. भाजी चढवलीच नव्हती.

नोकरी माझ्यामुळे गेली. अब्रू राहिली तीही माझ्यामुळे की तिच्यामुळे, हे आता कधी कळायचं नाही. तो भाग मी खाऊन टाकला.

९ ऑक्टोबर

ती रोज अर्ज लिहिते. बाडाची तिने उतरवून घेतलेली पानं टेबलावर पसरलेली असतात. नोकरी नाही, तरी खरबूज सोडत नाही. मी विचारलं, “अजून बाग होतीच म्हणतेस?”

“हो.”

“पुरावा?”

“नाही. तरी हो.”

हट्ट कुणाचा घेतलाय ते सांगायला नको.

शहामृगांचा फोन आला होता. अकरा वाजता फार जड जातं म्हणाले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

शहामृग स्वतः घरी आले. दारातच नातीला म्हणाले, “माझा ग्रंथ चुकला. तुमची बाग होती.” नळीतल्या त्या पापुद्र्याचा निकाल आला. तीनशे वर्षांपूर्वीचा. आणि आज जगात कुठेच न पिकणाऱ्या खरबुजाचा. बी माझं नव्हतंच! मोठ्या बाईंनी नातीला उद्या बोलावलंय. तेवढा पापुद्रा पुराव्याला पुरतो म्हणे.

नात रडली, हसली, मग एकदम माझ्याकडे वळली. तेही वळले. दोघांनी वह्या उघडल्या आणि माझ्यासमोर येऊन बसले.

“आजी,” नात म्हणाली, “ते खरबूज चाखलेलं जिवंत माणूस जगात तू एकच आहेस. चव कशी होती? नीट आठवून सांग.”

म्हटलं, “आठवावं लागेल. आधी चहा टाका.”